आपल्याच पक्षातली लव्हॉन

"ही बाई एकदाची बसत का नाही?"

कर्टिस व्हॅन हॉर्नच्या प्रचार कार्यालयात सकाळच्या कॉफीबरोबर कुणीतरी हा प्रश्न टाकायचंच.

ही बाई म्हणजे लव्हॉन श्टास्नी. आयोवातल्या त्या लहानशा गावात जूनमध्ये पक्षांतर्गत निवडणूक होती. राज्याच्या सिनेटसाठी पक्षाचा उमेदवार कोण, ते पक्षाचेच मतदार ठरवणार होते. दुसऱ्या पक्षाशी खरी लढत पुढे नोव्हेंबरात. कर्टिसचं पारडं केव्हाच जड झालं होतं. वकील माणूस, बोलायला गोड, मोठी मंडळी पाठीशी. आणि त्याच्यासमोर उभी कोण, तर शाळेच्या स्वयंपाकघरात निम्मा जन्म घालवलेली लव्हॉन!

"मतं फोडायला कुणीतरी उभं केलंय तिला," प्रचाराचे फोन करणारी जोलीन म्हणायची.

"तिला तरी ठाऊक आहे का, आपण कशाला उभ्या आहोत ते?" दुसरं कुणी म्हणायचं.

खरं तर ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गावच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला होता. त्या हिवाळ्यात लव्हॉनच्या लेकीला, टेसाला, कळा सुरू झाल्या आणि शहराकडे निघालेली गाडी बर्फात अडकली. बाळ वाटेतच गेलं. वसंतात लव्हॉनने उमेदवारी जाहीर केली. तिची मागणी एकच, तो विभाग पुन्हा उघडा. त्यावर कर्टिसचं उत्तर ठरलेलं असायचं, "अभ्यास करू."

मतदारांना फोन करणाऱ्यांची प्रमुख होती मार्डेल कुचेरा. ती आणि लव्हॉन शाळेपासूनच्या मैत्रिणी. चर्चच्या जत्रेसाठी दरवर्षी दोघी शेजारी उभ्या राहून कोलाचे नावाचे जर्दाळू भरलेले गोड पाव भाजायच्या. पण लव्हॉन उभी राहिली आणि मार्डेलला वाटलं, हिने आपल्याच पाठीत सुरी खुपसली. दुकानात समोर आली तरी मार्डेल मान फिरवू लागली.

एके दुपारी कुणीतरी म्हणालं, "लव्हॉनच्या सभेला बायका रडत होत्या म्हणे."

"रडतील नाहीतर काय!" मार्डेल म्हणाली. "नातवाच्या थडग्यावर उभी राहून मतं मागतेय ती."

हशा पिकला. कोपऱ्यात डबा खात बसलेले एमिलकाका मात्र हसले नाहीत. मार्डेलचे ते सख्खे काका. जिल्ह्यात पक्षाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं.

"मार्डेल, हे तू बोललीस?"

"गंमत हो, काका. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"कर्टिसच्या. मत त्यालाच देणार. विधिमंडळातले डावपेच लव्हॉनला झेपायचे नाहीत, असं मला वाटतं. तसं सांगा की लोकांना! ती कमी पडेल म्हणा. पण ती वाईट आहे, असं कशाला म्हणता? कर्टिससमोर कुणी उभंच राहायचं नसेल, तर निवडणूक कशाला घेता? राज्याभिषेकच उरका!"

"तुमचा जमाना गेला, काका. असं गुळमुळीत बोलून हल्ली कुणी जिंकत नाही."

"जिंकाल गं," काका उठत म्हणाले. "पण दुसऱ्या दिवशी याच गावात राहायचंय सगळ्यांना."

कुणी ऐकलं नाही. मार्डेलचं ते वाक्य मात्र सगळ्यांना आवडलं. फोन करणारे ते बिनदिक्कत वापरू लागले.

एकदा जोलीनने फोन लावला. समोरची बाई शांतपणे ऐकत होती. जोलीनला हुरूप आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिने स्पीकर लावला.

"आणि लव्हॉन श्टास्नीबद्दल काय म्हणणं आहे तुमचं?" बाईने विचारलं.

"तिचं काय घेऊन बसलात! नातवाच्या थडग्यावर उभी राहून मतं मागतेय."

पलीकडून हळूच शब्द आले, "तो माझा मुलगा होता. थिओ नाव ठेवलं होतं आम्ही. आणि आईला उभी राहा म्हणून मीच सांगितलं होतं."

फोन बंद झाला.

अरे देवा! टेसाच ती! लग्नानंतरचं आडनाव जोलीनला ओळखू आलं नव्हतं. मार्डेलने मात्र आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला होता, पण जोलीनला थांबवेपर्यंत वाक्य निघून गेलं होतं. लहानपणी हीच पोर तिच्या ओट्याशी उभी राहून पिठाचे गोळे चोरायची.

"माझ्याकडे काय बघता?" जोलीन रडवेली झाली. "वाक्य मार्डेलचं होतं."

त्या दिवसापासून मार्डेलने प्रचाराच्या फोनला हात लावला नाही.

कर्टिस मोठ्या फरकाने जिंकला. दुसऱ्याच दिवशी त्याने मार्डेलला गाठलं. "नोव्हेंबरला लव्हॉनची माणसं आपल्याला लागणार. तुझी मैत्रीण ना ती? बोल ना जरा."

मार्डेल गेली, पण मतांसाठी नव्हे. लव्हॉन अंगणातल्या आपल्या नावाच्या पाट्या उपटत होती.

"लव्हॉन, ते वाक्य माझं होतं."

"माहितीय मला."

"मला माफ कर. काकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

लव्हॉनने हातातली पाटी खाली ठेवली. "कर्टिसला सांग, नोव्हेंबरला मी त्याच्यासाठी दारोदार फिरेन. त्याचा आणि माझा पक्ष एकच आहे. ते तुम्ही विसरलात, मी नाही."

"आणि मी?"

"मला बोललीस ते मी कधीतरी विसरेन गं. पण टेसा नेब्रास्काला निघून गेली, सासरच्या माणसांकडे. म्हणाली, या गावात माझ्या बाळावर लोक हसले. तिला मी कसं विसरायला लावू?"

मार्डेल तिथेच गवतावर बसली आणि रडली. लव्हॉनने तिला उठवलं नाही, पण घालवूनही दिलं नाही.

शरद ऋतूत प्रचार पुन्हा पेटला. आता समोर दुसऱ्या पक्षाचा माणूस होता. त्याच्या मोडलेल्या संसारावर कुणीतरी विनोद सुरू केला. मार्डेल ताडकन उठली.

"त्याचं धोरण कुठे चुकतंय ते बोला! त्याच्या घरात शिरायचं नाही!"

मंडळी, आपला उमेदवार आपल्याला प्यारा असावा, त्याच्यासाठी हिरिरीने भांडावं. पण त्याच्यासमोर उभं राहणारा माणूस कुणाचा तरी बाप असतो, कुणाची तरी आई असते. पुष्कळदा तर तो आपल्याच घरातला असतो. निवडणुकीत हरलेला माणूस पुढच्या खेपेला जिंकू शकतो. जिभेने मोडलेलं माणूस परत जोडून देणारी निवडणूक अजून कुठे झालेली नाही.

मार्डेल टेसाला अधूनमधून फोन लावते. तो उचलला जात नाही.