डाव्या चाकाचे नट

विमलबाईच्या जिभेला हाड नाही, असं गडब गावातली माणसं म्हणत. तिचं म्हणणं, हाड आहे, म्हणून तर लागतं. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिनं भात पिकवलं, वाल पिकवला, एकुलत्या दिनानाथला वाढवून त्याचं लग्न केलं, आणि या सगळ्यात कुणापुढं मान खाली घालायची पाळी येऊ दिली नाही. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. पण अंगठा उठवत नसे, सही करी, आणि अक्षर मोठं असलं तर बोट ठेवून वाचीही.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिनं एझ्राची जीप घेतली. एझ्राचं घर म्हणजे गावातलं शेवटचं इस्राएली, म्हणजे ज्यूंचं, घर. त्याचे बापजादे तेलाचा घाणा चालवीत आणि धर्मानं कामबंदी असलेल्या शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घाणा गेला, एझ्रानं रस्त्याकडेला गाड्या दुरुस्तीची शेड टाकली, पण शनिवार सोडला नाही. मुलगा आरोन इस्रायलला जाऊन दहा वर्षं झालेली. आता एझ्रा आणि बायको लीया, दोघंही चैत्रात कायमची जाणार होती. एझ्रा विमलबाईच्या नवऱ्याचा दोस्त. तो तिला वैनी म्हणे, ती त्याला भावजी.

जीप साठ-बासष्ट सालची. दिसायला म्हातारी, पण बांधावरून, ओढ्यातून, चिखलातून, जिथं ट्रॅक्टर रुसेल तिथूनही निघायची. देताना एझ्रानं तेलाचे डाग पडलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक पुढं केलं. कंपनीनं गाडीसोबत दिलेलं, दुरुस्ती कशी करायची ते सांगणारं. म्हणाला, आधी हे बघायचं आणि मग पाना उचलायचा, तीस वर्षं मी तेच केलं. विमलबाईला ते टोचलं. आपलं शिक्षण किती ते ठाऊक असून हा आपल्याला पुस्तक देतो! बैलगाडीच्या चाकांना मी वंगण घातलंय ते कुठल्या पुस्तकात बघून नाही घातलं, असं सुनावून ती पुस्तक घरी घेऊन आली आणि तांदळाचं पिंप डुगडुगत होतं, त्याच्या खाली सरकवून मोकळी झाली.

पौषातल्या एका शनिवारी जीपमध्ये भाताची पोती भरून दिनानाथ पेणला निघाला. हैबतरावांच्या पोह्याच्या गिरणीवर त्या दिवशी त्यांचा नंबर होता. गावाबाहेर मैलभर गेला आणि मागचं डावं चाक बसलं. जॅक होता, जास्तीचं चाक होतं, पण नट काही हलेनात. घामाघूम होऊन तो घरी आला. विमलबाई तडक एझ्राच्या ओटीसमोर जाऊन उभी राहिली.

एझ्रा धुतलेले पांढरे कपडे घालून खुर्चीत बसला होता. ऐकून उठला, म्हणाला, "वैनी, आज हत्याराला हात नाय लावायचा मी. पण नीट ऐक, डाव्या अंगाला..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. "नुसत्या तोंडानं चाक निघत असतं भावजी, तर मीच नसतं काढलं?" असं म्हणून ती वळली. तो पायरी उतरून पाठीमागून काहीतरी बोलत होता, हेही तिला कळलं. तिनं मान फिरवली नाही.

दिनानाथनं पान्याला लांब पाइप जोडला, दोन गडी पाइपावर उभे केले. कडाकड आवाज झाला. सुटले नव्हते, तीन बोल्ट तुटले होते. कोलाडहून येणारा एक ट्रकवाला थांबला, उरलेल्या नटांवर बोट फिरवून म्हणाला, याचे आटे उलटे आहेत, कुणीतरी खोडी केलेली दिसते. झालं. गिरणीचा नंबर गेला, पोती रस्त्यावर राहिली, आणि विमलबाईला तिचा चोर सापडला.

सोमवारी गिरणीवर वीसपंचवीस माणसं ओळीत होती. विमलबाईनं पदर खोचला आणि सांगितलं, "उलटे नट बसवून गाडी माझ्या गळ्यात मारली त्यानं. शनवारी देव पाळतो नि सोमवारी गळा कापतो." माणसं हसली. तिला ते हसणं गोड लागलं, म्हणून तिनं तेच वाक्य मागून आलेल्यांसाठी पुन्हा सांगितलं. आठवड्याभरात ते नागोठण्यापर्यंत गेलं. एझ्राच्या शेडपुढं उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी होत होत दोनावर आल्या. तो काही बोलायला आला नाही. आला असता तर तिनं आणखी दोन वाक्यं तयार ठेवली होती.

तुटलेल्या तीन बोल्टांच्या जागी पेणच्या मिस्त्रीनं साधे, सुलट आट्यांचे बोल्ट ठोकून दिले. फाल्गुनात त्यांची पीडा सुरू झाली. दिनानाथ नट आवळी, आणि पेणला जाऊन येईपर्यंत तेच तीन सैल होत. जुने दोन मात्र जागचे हलत नसत. एकदा तर चाक निखळायचंच राहिलं. तेव्हा सून रोहिणी म्हणाली, पुस्तकात काही असेल. दहावी झालेली मुलगी. तिनं पिंप कलतं करून पुस्तक ओढून काढलं. गिअरचं तेल कधी बदलायचं, ग्रीस कुठं कुठं भरायचं, सगळी चित्रं होती. आणि चित्रांच्या कडेला, जिथं जिथं कोरी जागा होती तिथं, शिसपेन्सिलीनं मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं होतं. एझ्राचं अक्षर. चाकाचं पान आलं तशी रोहिणी वाचता वाचता थांबली.

"काय गो, बोबडी वळली काय?" विमलबाईनं विचारलं.

रोहिणीनं पुस्तक तिच्यापुढं धरलं. विमलबाईनं बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत गेली. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरतात. कंपनीनंच तसे केले आहेत. चाक पुढं फिरताना सैल पडू नयेत म्हणून. जोर लावू नये, बोल्ट तुटेल. त्याच्या खाली रेघ मारून आणखी एक ओळ होती: हे नव्या माणसाला आधी सांगणे.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. सांगायला तर तो पायरी उतरून आला होता. चेहरा तापला, मग कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुनेकडं बघता येईना. शेवटी म्हणाली, दिनानाथला सांग, बोल्ट बदलून घे, दुसरं काही बोलू नकोस. भावजींना जायला बारा दिवस उरलेत. माणूसच गेल्यावर विचारतंय कोण? पुस्तक मात्र रोहिणीनं पिंपाखाली परत ठेवलं नाही, देवळीत ठेवलं, येताजाता दिसेल असं.

पाच दिवसांनी दिनानाथ रोह्याहून आला. तिथल्या पोह्याच्या गिरणीपाशी त्याला लीयाकाकी भेटली होती, हातात पोह्यांची पिशवी. शुभकार्याला, दूर जायच्या आधी इस्राएली लोक मलिदा करतात. भिजवलेल्या पोह्यांत खोबरं, साखर, फळं घालून एलियाहू नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं ताट भरतात नि आल्यागेल्याला वाटतात. एझ्राच्या घरच्या मलिद्याला पेणचे, हैबतरावांच्या गिरणीचेच पोहे, हे विमलबाई लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती.

"मग रोह्याला कशाला गेली?" तिनं विचारलं.

दिनानाथ चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, काकी आधी पेणलाच गेली होती. ओळीत उभी असताना कुणीतरी तिच्या तोंडावर ते शनवार-सोमवारचं वाक्य म्हटलं. सगळे हसले. काकीनं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली आणि गाडीत बसून रोह्याला गेली. विमलबाई त्या रात्री जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

मलिद्याचं बोलावणं तिलाही आलं, दर वेळी येई तसंच. ते आलं नसतं तर तिला सोपं गेलं असतं. रविवारी ती गेली. घर निम्मं रिकामं, भिंतींवर फोटोंचे पांढरे चौकोन. पनवेल-रोह्याचे चार पाहुणे होते, गावातली माणसं बोटावर मोजण्याइतकी. गच्च भरलेलं ताट तसंच होतं. लीयानं तिच्या हातावर मलिदा ठेवला. विमलबाईला तो तोंडात घालवेना.

"भावजी," ती म्हणाली, "नट कंपनीचेच उलटे होते. मी वाचलं. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चुकले मी."

बोलताना तिला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ दे वैनी. माणसं म्हणतात तसं. एझ्रानं चष्मा काढून पुसला.

"माझ्या घरात सगळ्यांना ठाऊकच हाय, वैनी," तो म्हणाला. "हितं सांगून काय उपयोग? जिथं म्हणालीस, तिथं सांग."

लीयानं विमलबाईच्या दुसऱ्या हातावर केळ्याचा तुकडा ठेवला, जसा सगळ्यांच्या ठेवत होती तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई पेणला गिरणीवर गेली. ओळ मोठी होती. पट्टा फिरत होता, भट्टी पेटलेली, कोंड्याची धूळ उडत होती. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, एझ्राच्या गाडीचे नट कुणी उलटे बसवले नव्हते, मी खोटं बोलले. गिरणीच्या घरघरीत ते शब्द तिचे तिलाही ऐकू आले नाहीत. एका बाईनं नुसतं वळून पाहिलं. सांगून झालं होतं. देवानं ऐकलंच असेल. परत फिरली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि एझ्राला सांगितलं असतं, सांगितलं म्हणून. एक पाय पायरीखाली गेलासुद्धा.

तो तिनं वर घेतला. आत जाऊन हैबतरावांच्या कानाशी ओरडली, गिरण बंद करा. त्यांना वाटलं हात सापडला कुणाचा. घाईनं पट्टा थांबवला. एकदम इतकं शांत झालं की भट्टीतली लाकडं तडतडताना ऐकू येऊ लागली. पंचवीस माणसं तिच्याकडं बघत होती.

तिनं पहिल्यापासून सांगितलं. शनिवार, ओटी, पाइप, तुटलेले बोल्ट, पेन्सिलीचं अक्षर. वाक्य तिनंच जुळवलं होतं, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही, तेव्हा तिला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

हैबतराव म्हणाले, "पण बाय, तो एवढा जुना मिस्त्री. त्यानं तुला आधी सांगायला नको होतं, डावं चाक उलटं म्हणून?"

एवढीच फट उरली होती. तिथून अर्धी अब्रू घेऊन घरी जाता आलं असतं.

"सांगत होता," विमलबाई म्हणाली. "मी पाठ फिरवली."