एका सीटचं लायसन

व्हर्ना हॅलस्टडने तीस वर्षं शाळेची बस चालवली, पण लक्ष सगळं मक्याच्या शेतांवरून घिरट्या घालणाऱ्या छोट्या विमानांकडे. त्रेसष्टाव्या वर्षी बसची नोकरी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती मिनेसोटातल्या आपल्या गावच्या गवताळ धावपट्टीवर विमान चालवायला शिकायला हजर झाली.

लायसन दोन प्रकारचं. मोठं घेतलं तर सगळ्या नातवंडांना बसवून रात्रीही उडता येतं, पण त्याला वैमानिकांच्या खास डॉक्टरची तपासणी लागते. लहान घेतलं तर गाडीचं लायसन पुरतं, मात्र उडायचं दिवसाच आणि सोबत एकच माणूस. तिचा नवरा मर्ल मोठ्यासाठी हटून बसला होता. गावातल्या कॅफेत त्याने ते सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

"आज तीनला तपासणी आहे," व्हर्नाने शिकवणाऱ्या टिल्डाला सांगितलं. "दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, बाकी ठणठणीत."

"स्टेंट? आणि हे आत्ता सांगताय?" टिल्डाने कॉफीचा मग आदळला. "तिथे नापास झालात, तर लहान लायसनही गेलं. मग गाडीचं लायसन चालत नाही. गेलाच नाहीत, तर चालतं. तुमचा हृदयाचा डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, खुशाल उड."

"मग फोन करा आणि ती वेळ रद्द करा!"

शेजारी बसलेल्या मर्लचं तोंड पडलं. "एकच माणूस? मी कॅफेत काय सांगू?"

"तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरं एकदम नेली, मर्ल," फोन लावत व्हर्ना म्हणाली. "आता एकेकाला नेईन. भांडणं तरी होणार नाहीत."

सप्टेंबरात तिने पहिल्यांदाच एकटीने उडून तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा विमान अलगद टेकलं. ती खाली उतरताच टिल्डा कात्री घेऊन धावली. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर शर्टाची पाठ कापायची, हा तिथला रिवाज.

"अगं थांब, तो माझा शर्ट आहे!" मर्ल ओरडला. थंडी म्हणून व्हर्नाने सकाळी त्याचाच लाडका चौकडीचा शर्ट अडकवला होता. तोवर कात्री खांद्यापर्यंत पोचली होती. कापडावर तारीख आणि तिचं नाव लिहून टिल्डाने ते भिंतीवर ठोकलं. व्हर्ना हसत होती आणि रडतही होती.

रविवारी मर्ल कॅफेत तोच शर्ट घालून गेला. आतून पांढरा बनियन सगळ्यांना दिसत होता. त्याने जॅकेट काही घातलं नाही, आणि दर टेबलापाशी थांबून सावकाश वळला.