सलाम टिपणारा मोबाइल

मी एक मोबाइल बोलतोय. माझी कीव करू नका, कीव मला तुमची येते. दिवसभर मला छातीशी धरता, पण माझ्यात काय आहे ते कधी धड पाहत नाही.

कारखान्यातून निघालो, दुकानाच्या काचेत थोडे दिवस मिरवलो आणि एका बाईच्या हाती पडलो. तिला दिवस गेले होते. बाळाचे फोटो छान यावेत म्हणून मला आणलं होतं. बाळ झालं. नाव राहिलं बाजूला, सगळे त्याला गुंड्या म्हणू लागले. त्याची जांभई, शिंक, दुपटं, काही म्हणजे काही सुटलं नाही. मला नुसतं अजीर्ण झालं.

सहाव्या महिन्यात गुंड्या झोपेतून उठला की मान खाली टाकायचा आणि दोन्ही हात एकदम फेकायचा. जरा थांबायचा, पुन्हा तेच. लागोपाठ.

"अगंबाई, सलाम ठोकतोय," आत्या म्हणाली.

लगेच मी त्याच्या तोंडासमोर. आत्याने त्यावर गाणं चढवलं, लाल बदाम चिकटवले आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. काकाने अंगठा दाखवला. मामाने लिहिलं, "मलाही एक सलाम." सलामानंतर पोर कळवळून रडतंय, हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. गाण्याखाली रडणं ऐकू येत नव्हतं ना!

आईला मात्र चैन पडेना. "पोटात वात धरला असेल," सगळे म्हणत राहिले. शेवटी ती त्याला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आत्या सोबत होतीच. तिथे गुंड्या अगदी शांत.

"बघ, काही करत नाहीये. उगाच आलो," आत्या म्हणाली.

"व्हिडिओ आहे?" बाईंनी विचारलं. आत्याने बदामवाला पुढे केला.

"हा नको. गाणं नसलेला द्या."

आईने मूळचा शोधून दिला. बाईंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मला नीट पाहणारं हे पहिलंच माणूस.

"हे झटके आहेत," त्या म्हणाल्या. "मेंदूचा आलेख काढू, झोपेतला आणि उठतानाचाही. हा हसतो का?"

"हसतो की," आत्या म्हणाली.

आईचं बोट माझ्यावरून सरकत राहिलं. हसरा गुंड्या फार मागे सापडला. त्यानंतरच्या ढीगभर फोटोंत तो नुसता बघत होता, आणि प्रत्येकाखाली कुणीतरी 'किती गोड' लिहिलं होतं. लाज वाटायला हवी.

गुंड्याच्या डोक्याला वायरी चिकटवून त्याला निजवलं. पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या, कशाचा कशाला मेळ नाही. बाईंनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. "आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. आता झटके थांबलेत. हसू परत येईल की नाही, ते बाईही सांगत नाहीत.

काल आत्या मला त्याच्यासमोर धरून चुटक्या वाजवत होती. "हस ना रे राजा, आत्यासाठी हस." आईने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि फळीवर पालथं घातलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. तुम्ही अंगठेवाले खुशाल बदाम पाठवा, इथे कुणी बघत नाही. आई त्याच्याशी काहीबाही बोलते, मग त्याच्या तोंडाकडे बघत असावी. त्याने एकदा हसावं. मला नाही दिसलं तरी चालेल.