मोठ्यांचंही घ्या, छोट्यांचंही

वीस वर्षं झाली, मी योग्याकार्तात घरच्या ओसरीवरून कथांचं त्रैमासिक काढते. चारशे प्रती, बस. तरी जकार्ताच्या मोठ्या वर्तमानपत्राचा रविवारचा अंक चुकवत नाही, कारण त्यात कथा असते. "मोठ्यांचंही घ्या, छोट्यांचंही घ्या, कथा दोघांमुळे जगते," हे मी भेटेल त्याला ऐकवते. लोक कंटाळलेत, मी नाही.

त्या रविवारी पान उघडलं आणि बघते तर काय, तिर्तानाची कथा! आमच्या नव्या अंकातली पहिली कथा हीच होती, आणि अंक शुक्रवारीच टपालात पडले होते.

आमच्या लेखकांत एक कथा दोन ठिकाणी छापून येणं म्हणजे चोरीच. एकदा नाव खराब झालं की कुणी दारात उभं करत नाही, मग तो लेखक असो की अंक.

मंगळवारी तिर्ताना आला, तळलेल्या टेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, पुडी घेऊन. इथे बाईमाणसाला मानाने 'बू' म्हणतात.

"बू वुर्यानी, माझी चूक नाही हो. जकार्तावाल्यांना सहा महिन्यांपूर्वी पाठवली होती. ते कुठे काही कळवतात? छापून येते तेव्हाच कळतं. मला वाटलं, गेली केराच्या टोपलीत."

इथवर मला पटलं. असं भल्याभल्यांचं होतं. मग मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि हे? 'आईने दार लावलं, पण कडी घातली नाही.' हे वाक्य मी घातलंय, गेल्या महिन्यात, याच टेबलावर. ते सहा महिन्यांपूर्वी तिकडे कसं पोचलं रे?"

तो टेंपे चावत राहिला.

"सुधारल्यावर फार छान झाली होती ना, बू. म्हणून पाठवली. तुम्हीच म्हणता की, मोठ्यांचंही, छोट्यांचंही."

त्याने थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

"त्यांना फोन कर. खरं सांग."

"काल त्यांचाच आला होता." त्याने मान खाली घातली. "मी त्यांना सांगितलं, की बू वुर्यानींनी मला न विचारता छापली. नाहीतर त्यांनी मला कायमचं बंद केलं असतं. तुमचं काय, चारशे तर वाचक. दोन ओळींची माफी लिहून द्या, मिटेल."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सात वेळा मी ती कथा दुरुस्त केली होती. प्रत्येक खर्ड्यावर माझी लाल शाई, आणि शेवटच्यावर त्याच्या हाताने लिहिलेलं, 'छापायला हरकत नाही.'

"चालता हो," मी ओरडले. "खर्डे आहेत माझ्याकडे. उद्या जकार्ताला धाडते."

तो जागचा हलला नाही. घाबरलासुद्धा नाही. मी कपाट उघडलं, तिथे खर्ड्यांची फाइल नव्हती. आणि मग आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी, गुरूला करतात तसा माझा हात आपल्या कपाळाला लावून, त्यानेच ती मागून नेली होती. "तुमचा हात फिरलेले कागद, बू, जन्मभर जपेन," म्हणाला होता. तो गेल्यावर मी आनंदाने रडले होते.