निंबाची निशाणी

मित्रांनो, मी लाउडस्पीकरचा एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, भल्यामोठ्या तोंडाचा. लकडगंजच्या ताराचंद मांडववाल्याने मला विकत घेतलं. मग लग्न असो की सभा, बोलावतील तिथे मी हजर! कोण काय बोलतं आणि लोक त्याचं काय करतात, हे पाहायची मला भारी हौस.

सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी विणकरांच्या वस्तीत गेलो. तिथे निंबांची रांग होती. त्या सावलीत प्रयागबाई आणि तिच्या शेजारणी हातमागाचा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, लांबलचक पसरून त्याला खळ लावत. भर उन्हात खळ चटकन वाळते, धागे तटातट तुटतात. रस्ता रुंद करायला ती झाडंच तोडायची ठरली होती. झाडं गेली की प्रयागबाईचा माग बंद!

झाडं वाचवायला कॉलेजात शिकवणाऱ्या अरुंधतीबाईंनी समिती काढली. मला रिक्षावर बांधून त्या म्हणाल्या, "निसर्गाचा समतोल राखा!" वस्तीला वाटलं, भोंगा आला म्हणजे मतं मागायलाच आला. महापालिकेची निवडणूक तोंडावर होतीच.

"बाई, तुमची निशाणी कोणती हाय?" प्रयागबाईने विचारलं.

मला हसू आवरेना. अरुंधतीबाई वर झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "निंब! उमेदवार नाही आमचा. पण जो निंब ठेवील, त्यालाच मत द्या."

प्रयागबाईने लगेच माइक ओढला. "सावली गेली त आमी ताणा कुठी पसरू गा? मत पाहिजे त पयले झाडाचं बोला!"

काय गंमत बघा! समतोलाला कुत्रं विचारत नव्हतं. मताचं नाव निघताच सगळे उमेदवार निंबाखाली हात जोडून झाडं राखायचा शब्द देऊ लागले. वस्तीतलाच बळीराम निवडून आला आणि दिलेला शब्द साफ विसरला. मला असा राग आला! मग एका सकाळी बायकांनी त्याच्या अंगणातल्या मांडवाखाली, दारासमोर आडवा ताणा पसरला.

"हे काहून?" तो ओरडला.

"तुमच्याकडं सावली हाय भाऊ, म्हणून आलो," प्रयागबाई म्हणाली.

पसरलेला ताणा ओलांडायचा नाही, ही वस्तीची रीत. बळीराम घरातच अडकला. खळ वाळेपर्यंत अरुंधतीबाई माझ्यातून त्याला त्याचाच शब्द ऐकवत राहिल्या. पुढे त्याने महापालिकेत जोर लावला, रस्त्याची आखणी बदलली, झाडं राहिली.

आता मी गोदामात धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, एखाद्या झाडासाठी ओरडायची वेळ आली, तर मला पुसून घेऊन जा. पण आधी त्या झाडाखाली थोडं बसा, आणि तिथे कोणाचं काम चालतं ते विचारा.