शुक्रवारी संपलेली मुदत

चोवीस वर्षं वकिली करतोय. अशिलांच्या खोटेपणाचा मला कधी त्रास झाला नाही, झाला तो खरेपणाचा. वाटूरचे मच्छिंद्र त्यातलेच.

त्यांच्या मोसंबीच्या बागेचा रस्ता चुलतभाऊ भागवतने काट्या टाकून बंद केला. परतूरच्या कोर्टात मच्छिंद्र हरले. जालन्याला मी अपील केलं, पण कोर्ट फी कमी पडली. उरलेली भरायला तीस दिवस मिळाले. मी बजावलं, "फी भरली नाही तर अपील फेटाळतील. मग तोडणीपुरताही रस्ता मागता येणार नाही, आणि मोसंबी झाडावरच सडेल."

"बिलकुल भरतो, वकीलसाहेब. पैसे तयार हायेत."

दर आठवड्याला मी फोन केला. दर वेळी उत्तर एकच, "मुदत हाय ना अजून!" वीजबिल असो की पीकविमा, मुदत म्हणजे शेवटचा दिवस ही आपल्याकडची पक्की समजूत. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहून मी पुन्हा फोन लावला.

"साहेब, आज शुक्रवार. मंगळवारी अन् शुक्रवारी आमच्या घरातून लक्ष्मी भाईर जात न्हाई. सोमवारी सकाळीच येतो."

सोमवारी ते आले, तोवर अपील फेटाळलं गेलं होतं. मला इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही.

अपील पुन्हा दाखल करून घ्यावं म्हणून अर्ज लिहायला घेतला. "उशिराचं कारण काय लिहू? आजारी होतात?"

"न्हाई साहेब. देवीच्या नावानं थांबलो, अन् आता खोटं बोलू?"

कपाळावर हात मारून मी खरं तेच लिहिलं.

सुनावणीला त्यांच्या पत्नी नंदाबाईही आल्या. न्यायाधीश मॅडमनी अर्ज वाचून चष्मा काढला. "तीस दिवसांत शुक्रवार किती आले?"

"पाच, मॅडम."

"मंगळवार?"

"चार."

"मग बाकीचे एकवीस दिवस काय केलंत?"

मच्छिंद्रांनी डोकं खाजवलं. "तवा मुदत होती ना, मॅडम."

सगळं कोर्ट हसलं, भागवतचा वकीलही हसला. त्या हसण्यानेच आम्ही वाचलो असं मला वाटतं. आजच, पाचच्या आत, दंडासह फी भरा, नाहीतर विषय संपला, असा हुकूम झाला.

बाहेर आलो तर मच्छिंद्र खिशावर हात दाबून उभे.

"आता काय झालं?"

"साहेब, आज मंगळवार हाय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नंदाबाईंनी नवऱ्याच्या खिशातून नोटा ओढल्या आणि माझ्या हातात कोंबल्या.

"भरा जल्दी, साहेब! लक्ष्मी जाईल म्हणून भेऊन राह्यले हे. अवो, बागंला रस्ताच न्हाई राह्यला, तर ती घरी यायची कुठून?"

पावणेपाच झाले होते. मी कोट सावरत फीच्या खिडकीकडे धावलो. माझ्या पुढे मच्छिंद्र धावत होते.