सांबाराची मुळं

मुळं पांढरी निघाली. माती धुऊन गेली की सांबाराचं मूळ असंच निघतं, करंगळीएवढं, टोकाशी बारीक तंतूंचा झुपका, आणि वास... पाल्याला असतो त्याच्या दुप्पट वास मुळाला असतो हे बापूरावाला ठाऊक होतं, कामरगावच्या बाजारात बसणाऱ्या दुसऱ्या कुणाला नव्हतं. शहरातली माणसं कोथिंबीर म्हणतात, इथे सांबार. जुडी मुळासकट विकायची, घेणारीनं घरी नेऊन मुळं छाटायची आणि ढोरांपुढे टाकायची. माळ्याच्या सात पिढ्यांत कुणी ह्याहून वेगळं केलं नव्हतं, आणि हा घोडा झालेला माणूस भर दुपारी मोटेच्या थारोळ्यापाशी उकिडवा बसून मुळं धूत होता.

धुऊन केव्हाच झाली होती. तरी धूत होता, कारण उठलं की चुलीपाशी जावं लागणार, आणि चुलीपाशी गेलं की...

आज नववा दिवस. मुदतीचा ताप उतरला, माय वाचली म्हणून बायकोनं, कस्तुरानं देवापुढे नारळ फोडला, आणि त्या दिवसापासून मायनं अन्नच सोडलं. सोडलं असंही नाही, अन्न तिला सोडून गेलं. पेज दिली, "माती लागते." दूध दिलं, "माती." मुगाचं कढण, भाकरीचा पापुद्रा, गूळ घातलेला रवा—माती, माती, माती. कारंज्याचा डॉक्टर काल येऊन गेला, नाडी पाहून अंगणात येऊन म्हणाला, आता औषध नाही, पोटात काही गेलं तर आहे, नाही तर तुमची तयारी ठेवा. तयारी! जशी काही पेरणीची तयारी.

आणि ह्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं की तापानंतर तोंडाची माती झालेल्याला काय द्यायचं असतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आठ दिवस तो गप्प बसला होता. असा पोरगा कुणाच्या पोटी येऊ नये!

पण सांगणार कसं? कुठून शिकला हे विचारलंच तर?

तो उठला. ओंजळीतली मुळं ठिबकत होती.

पाट्यापाशी कस्तुरा बसली होती. नवरा मुळं घेऊन येतोय हे पाहून तिचा वरवंटा थांबला.

"अवो, हे काय आनलं? मुळं ढोरायले टाकतेत का मानसायले?"

"तू सरक जराशी. लसूण दे. अन् चार मिरे."

"तुमी रांधता?"

"इचारू नको, कस्तुरा."

ती सरकली. पदर तोंडाशी धरून बघत राहिली. ह्या माणसानं उभ्या संसारात भाजीत मीठ कमी की जास्त हे एकदाही सांगितलं नव्हतं. मान खाली, चार घास, उठला. कसं झालं विचारलं तर "झालं." तो आज मिरे मागत होता.

मुळं, लसूण, मिरे. वरवंटा फिरला, मूळ फुटलं आणि वास वर आला—आणि बापूरावाचे डोळे मिटले, कारण हा वास ह्या घरातला नव्हताच. हा वास कालव्याच्या पाण्याचा, सकाळच्या धुक्याचा, कोळशाच्या शेगडीचा... पंचेचाळीस साल. लढाई संपलेली, पलटण ब्रह्मदेशातून सयामात नेलेली, आणि कामगार तुकडीतल्या बापूरावाला असला ताप आला होता की उतरल्यावर रेशनची डाळ तोंडाजवळ आली तरी उलटी. दहा दिवस. सोबतचे म्हणाले, ह्याला इथेच पुरायचं. तेव्हा एका पहाटे तो भिंत धरधरून कालव्यापर्यंत गेला, मरायचंच तर उघड्यावर मरू म्हणून, आणि तिथे होडी होती. होडीत चूल! होडीत संसार म्हणा ना. केळी, भोपळे, सुऱ्या, वाडगे, आणि मध्ये एक वयस्कर बाई दगडी उखळीत काहीतरी कांडत बसलेली. वासावरून त्यानं ओळखलं. सांबार! जिथे कुणाचं तोंड ओळखीचं नाही तिथे सांबार ओळखीचा. पण पाला बाजूला ठेवलेला, ती मुळं कांडत होती. वेडी आहे की काय?

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. तांदळाची उकळती पेज वाडग्यात ओतली, ते कांडलेलं त्यात घातलं, लिंबू पिळलं, चमच्यानं आधी स्वतः चाखलं, आणि तोच वाडगा होडीतून वर केला.

चाखलेलं. उष्टं. परक्या हातचं.

आणि मी खाल्लं.

पेजेत बारीक बारीक गोळे होते. काय आहे ते विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अंगात थोडी धुगधुगी आली तेव्हा त्यानं गोळ्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. बाई हसली, आणि नाक मुरडून तिनं डुकराचा आवाज काढला. हुबेहूब. बाजूच्या होडीतली माणसंही हसली.

तीन दिवस अजाणतेपणी, ते देवही माफ करील. पण चौथ्या दिवशी? चौथ्या दिवशी पहाटे उठून कुणी नेलं होतं त्याला तिथे?

"वास तं चांगला येऊन राह्यला," कस्तुरा म्हणाली.

त्यानं सणासाठी ठेवलेला तांदूळ भरडून शिजवला होता, त्यात वाटण गेलं, आणि लिंबू. बांधावरच्या झाडाचं. गोळे अर्थातच नाहीत. ह्या घरात तर मायनं गुरूचा उपदेश घेतल्यापासून अंडंही आलं नव्हतं. पलटणीत निघताना तिनं त्याचा हात तुळशीवर ठेवला होता आणि म्हणाली होती, परक्या हातचं खाशील तं माझ्या हातचं पुन्हा खाऊ नको. परत आला तेव्हा उंबऱ्याबाहेर उभा करून तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, नाही माय, पीठ-डाळ मिळे, माझ्याच हातानं रांधत होतो. मग तिनं पायांवर पाणी घातलं, आत घेतलं, भाकरी वाढली. ती भाकरी गळ्याखाली उतरवताना जे झालं ते... दहा वर्षं झाली, रोज दोनदा होतं.

माय भिंतीकडे तोंड करून पडली होती. केवढीशी झाली होती! चाळीस वर्षं डोक्यावर भाजीची पाटी वाहिलेली गोजराबाई गोधडीत सापडेना.

"कोनं केलं?"

"म्या."

"तू? बाप्पा! आता पोरगा रांधून घालून राह्यला. मंग मी मरतोच वाटते."

"माय, दोन घास घे."

त्यानं तिला टेकवून बसवलं, आणि चमचा भरून आधी स्वतःच्या ओठाला लावला. हातानं आपलं आपणच केलं. मायची नजर चमच्यावर होती. तिनं तोंड उघडलं.

एक चमचा. ओठ मिटले, जीभ आत फिरत राहिली. कस्तुरा दारात श्वास रोखून उभी. माती म्हणेल, आता म्हणेल...

"आंबट हाय."

"लय झालं काय?"

"नाई."

दुसरा. तिसरा. सहाव्या चमच्याला तिनं वाडगा स्वतःच्या हातात घेतला, आणि कस्तुरा दारातच रडायला लागली. बापूरावाला वाटलं आपणही रडावं, पण तेवढ्यात माय थांबली. नाकाशी वाडगा नेला.

"ह्याच्यात मूळ हाय."

त्यानं चमचा खाली ठेवला.

"सांबाराचं मूळ. जिंदगी गेली माझी जुड्या बांधन्यात, मले नको शिकवू. हे आपल्याइकडचं नाई. कोनं सांगितलं तुले?"

उत्तर तयार होतं. पलटणीतला आचारी, बामन होता, त्यानं. एवढंच म्हणायचं होतं, माय उरलेलं खाणार होती, संध्याकाळी पुन्हा, उद्या पुन्हा, जगणार होती. एकदा खोटं बोलून भाकरी खाल्ली, आता खोटं बोलून पेज खाऊ घालायची. काय बिघडतं? बोल ना! जीभ झडली का आता?

मायनं हाताचा पंजा वाडग्यावर झाकणासारखा ठेवला.

"आंदी सांग. मंग खाईन."

"माय, खाऊन घे नं आंदी..."

"सांग."

"एका बाईनं देलं होतं," तो म्हणाला. आवाज कुणा दुसऱ्याचा असावा तसा आला. "सयामात. होडीत इकत होती. मी मरून राह्यलो होतो, माय."

"कोन्या जातीची?"

"नाई इचारलं."

"पेजच होती?"

"...डुक्कर होतं त्यात."

कस्तुराचं रडणं थांबलं. बाहेर बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली तेवढी.

"तुले ठाऊक होतं?"

"पयले तीन रोज नाई."

"अन् मंग?"

"मंग होतं."

मायचे डोळे त्याच्यावर होते. तापानं खोल गेलेले, पण बाजारात खोटं माप एका नजरेत ओळखणारे.

"मंग काहून खाल्लं?"

ताप होता. भूक होती. मरणाचं भय होतं. सगळी कारणं दहा वर्षांत घासून घासून चकचकीत केलेली होती, कोणतंही उचलावं आणि पुढे करावं. चौथ्या दिवसाची पहाट डोळ्यांसमोर आली—धुकं, ती हात हलवणारी बाई, आणि तो, चालत नव्हे, जवळजवळ पळत...

"चांगलं लागलं, माय."

हे तो म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं, की हेच ते. इतकी वर्षं लपवलं होतं ते डुक्कर नव्हतंच, हे होतं.

मायनं वाडगा खाली ठेवला नाही. पंजाही उचलला नाही. हाडं दिसणाऱ्या तिच्या बोटांच्या फटींतून वाफ वर येत होती, पहिल्यापेक्षा कमी. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्या हाताकडे. आता उचलेल, आता ढकलेल... पेज निवत चालली होती. त्याला भय वाटत होतं, आणि तरी तोंडाला पाणी सुटलं होतं. त्याला भूक लागली होती. मायच्या हातातल्या त्या वाडग्याची, लाज वाटावी एवढी भूक.